लेण्यातलं दूध

रविवार, धाराशिव. दिवेलागणीला.

आज सासूबाई अन् मी मुलांना जीपमधून धाराशिवच्या लेण्यांत घेऊन गेलो. काल कुंथलगिरीच्या यात्रेत डोंगर चढून सहा वर्षांच्या कुसुमचे पाय दुखत होते, तरी आज तीच सगळ्यांच्या पुढं. मी धाकट्या बाळूला भरवत होते, तेवढ्यात ती दिसेना. हाका मारत आत गेलो, तर पार्श्वनाथ तीर्थंकरांच्या मूर्तीपुढं एका धनगरणीशेजारी मांडी घालून बसलेली! मूर्तीच्या डोक्यावर नागाचा फणा, पायाशी वाटीभर दूध.

"हे आमचे भगवान आहेत," सासूबाई करड्या आवाजात म्हणाल्या.

"व्हय का? म्या नागोबा म्हनूनच येते, लगीन झाल्यापासनं. कुणी सांगितलंच न्हाय." मग हळूच म्हणाली, "दूध चालत न्हाय का?"

तो फणा बघून कुणालाही नागोबाच वाटेल, तिचं काय चुकलं?

सासूबाई वाकून वाटीकडं बघत म्हणाल्या, "उघडं ठेवू नको बाई. मुंग्या पडून मरतील."

"मग लेकराला पाजते की," म्हणत तिनं वाटी कुसुमच्या तोंडाला लावली. परक्या घरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या सासूबाईंनी अडवलं नाही. का? मला अजून उमगलेलं नाही.

कुसुम विचारते, त्या बाईचा देव अन् आपला एकच का?

जीप सुरू झाली तरी सासूबाई मागं वळून बघत होत्या. म्हणाल्या, "तिचं नाव विचारायचं राहिलं गं."