बेटावरची चौऱ्याऐंशी झाडं

अल्बनी, ऑकलंड
१६ जुलै

चि. दत्तूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा वाकतो ना आता? (नसेल तरी वैद्य बदलू नकोस, हा तिसरा आहे.) आम्ही सगळे खुशाल. सुमेधने मला सांभाळायचं इतकं मनावर घेतलंय, की कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायलाही एकटी सोडत नाही. पोटचा मुलगा, पण आईला लोणच्याच्या बरणीसारखं जपतो.

रविवारी तो, सूनबाई गार्गी आणि नात ओवी मला बोटीने एका बेटावर घेऊन गेले. तिथलं जंगल पूर्वी गुरांच्या चराईसाठी तोडलं होतं. आता लोक हौसेने इथलीच मूळची झाडं परत लावतात आणि प्रवासी पक्षी बघायला येतात. बेटावर उंदीर, किडे जाऊ नयेत म्हणून धक्क्यावर पिशव्या तपासतात. माझ्या लाडवांच्या डब्याखालून मुंगी निघाली. एकच! (अल्बनीचीच असणार, पण नाव चिपळूणचं खराब झालं.) सुमेधची मान खाली.

"आई, तू बाकावर बस, चहाचं बघ," उतरताच त्याने फर्मावलं. बसले. समोरच्या चढावर नुसता चिखल, आणि सुमेध नि त्याच्यासारखी ही आयटीची मंडळी दर रोपामागे एकदा घसरत होती. रोपं तर अशी लावत होती, की पहिल्या पावसात समुद्रात. माहेरी उतारावर आपण काजू लावलेत ना रे? मला बघवेना. पदर खोचला, कासोटा मारला आणि गेले. आधी टाचेने पाय ठेवायला जागा करायची, मग खड्डा, रोप, आणि खालच्या अंगाला मातीचा बांध. एक मानुका, एक पोहुतुकावा (ही इथली झाडं), सरकत सरकत पुढे.

"आजी, यू आर हीप्स फास्ट!" ओवी ओरडली. (हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत भलतीच.) पक्षी बघायला आलेले प्रवासी मलाच दुर्बिणीतून बघू लागले. तिथली प्रमुख नायरी, तिने सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "आता या बाई करतात तसं करा." दत्तू, संध्याकाळपर्यंत माझी चौऱ्याऐंशी रोपं झाली. सुमेधची तेवीस. परतताना बोटीत माझी पिशवी त्याने उचलली, आणि हळूच म्हणाला, "आई, मला हे माहीतच नव्हतं गं."

तुझी,
आक्का

ता.क. सोमवार-मंगळवार मला अंथरुणातून उठता आलं नाही. घरात सांगितलं, वाचत पडलेय.

ता.क. दुसरा. नायरीने मला दर रविवारी शिकवायला बोलावलंय. म्हणून परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं करून घेतलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. पण आधी जेवायला घाल. चिडले तर म्हणावं, तिथे आक्काच्या हाताखाली वीस माणसं आहेत. घरी एकटे तुम्ही, आणि तुम्हीही ऐकत नाही.