हुर्यो मिळालीच पाहिजे

१४ नोव्हेंबर
मिळाली! नऊ वर्षं नाताळच्या पँटोत, म्हणजे गावच्या धमाल विनोदी नाटकात, झाड, पोस्टमन, पुन्हा झाड असं करत करत यंदा थेट खलनायक. दुष्ट सरदार ग्रिमशॉ! आमची दिग्दर्शिका ग्लेनिस म्हणाली, दंतवैद्य ओल्डरॉइडची कंबर लचकली म्हणून तुम्हाला दिली. हे सांगायची काही गरज नव्हती.

एकतीस वर्षं इथल्या शाळेत भूगोल शिकवला. माझं एक "च्च" निघालं की वर्ग चिडीचूप. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, अजून टरकून असतं. अभिनयाची गरजच नाही.

पँटोतल्या खलनायकाची कमाई एकच. तो स्टेजवर आला की पोराटोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी "बूऽऽ" करून त्याची हुर्यो उडवायची. ग्लेनिसने बजावलंय, हुर्यो नाही झाली तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस. मी नुसता हसलो.

१९ नोव्हेंबर, सकाळी ७
संकल्प: रोज अर्धा तास राक्षसी हास्याचा रियाज.

७.४०. शेजारच्या मिसेस पिकप खोकल्याचं औषध घेऊन आल्या. म्हणाल्या, भिंतीतून ऐकू येतंय, कफ झालाय, अंगावर काढू नका. दोन चमचे घेतलं. चव बरी आहे.

२६ नोव्हेंबर
तालीम. ग्लेनिस म्हणते, धमकी देताना "कृपया" म्हणू नका. मी समजावलं की खऱ्या दराऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. तिने "हं" केलं. त्या "हं"चा सूर मला आवडला नाही.

घरी येऊन बायकोला विचारलं, डोरीन, मी भीतिदायक वाटतो का गं? विणकामातून मान वर न करता म्हणाली, गाडी चालवताना.

३ डिसेंबर
सॉसेज आणायला गेलो. खाटीक बॅरी माझा जुना विद्यार्थी. सगळ्यात जास्त शिक्षा त्यानेच भोगल्या, म्हणून मुद्दाम त्यालाच विचारलं: खरं सांग, माझ्या "च्च"ला तुम्ही किती घाबरायचात?

सुरी पुसत म्हणाला, "खोटं कशाला बोलू, सर? आम्ही पैज लावायचो. तासाला किती 'च्च' होणार याची. जिंकेल त्याला सगळ्यांच्या टॉफ्या. रेकॉर्ड एकसष्ट. नद्यांच्या धड्याला."

मग चिडीचूप का बसायचात, असं विचारलं.

"मोजायला नको?"

बॅरी पहिल्यापासून थापाड्या. सॉसेज काउंटरवरच राहिले. परत आणायला गेलो नाही. वाईट वाटलं. फार वाटलं. आता लिहिलंय, म्हणजे विसरायला हरकत नाही.

४ डिसेंबर, सकाळी ८
संकल्प: "च्च" बंद. कायमचं. स्टेजवर तर मुळीच नाही.

८.०५. टोस्ट करपला. तेव्हाचं धरत नाही.

रात्री हिशेब: सत्तावीस. पण त्यातले चौदा बातम्या बघताना, म्हणजे ते सरकारच्या खाती.

१२ डिसेंबर
पहिला प्रयोग. एंट्री झकास. फक्त झगा पायात आला आणि मिशी एका बाजूने सुटली. हॉलमध्ये शांतता. मग पहिल्या रांगेतली एक पोरगी आईला म्हणाली, "बिचाऱ्याला कुणीतरी खुर्ची द्या ना." आणि अख्ख्या हॉलने "अरेरे" केलं. दोनशे माणसांचं "अरेरे"!

कारण उघड आहे. हॉलचा हीटर बंद होता. गारठलेला माणूस हुर्यो उडवणार कशी? ग्लेनिसला तसं सांगितलं. ती म्हणाली, शनिवारी शेवटचा प्रयोग, तेवढीच संधी. आज हसायला जमलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार
मिशी डिंकाने चिकटवली. हीटर स्वतः तपासला. छाती पुढे काढून गरजलो, "हे गाव मी जाळून टाकीन!" कृपया नाही, काही नाही.

शांतता. कुणीतरी पेपरमिंटचा कागद सोडत होतं. आता या लोकांना साधी हुर्योसुद्धा नीट उडवता येऊ नये? वैतागलो, आणि निसटलंच. "च्च."

मागच्या रांगेतून आवाज आला, "एक!"

बॅरी. रागाने वळून बघितलं. "च्च!"

"दोन!" आता मागच्या तीन रांगा. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, सगळे माझ्या वर्गातले. मी गप्प बसा म्हणालो, जे संहितेत नव्हतं. पाचापासून आज्याही मोजायला लागल्या. दहापासून ती पहिल्या रांगेतली पोरगी, खुर्चीवर उभी राहून. पडदा पडला तेव्हा त्रेचाळीस झाले होते, आणि लोक उठायला तयार नव्हते.

रात्री ९.३०. नोंद: हुर्यो शून्य. पण माझ्या मते प्रेक्षकांचा इतका सहभाग या हॉलने कधी पाहिला नसेल, आणि हे मी ग्लेनिससमोर सविस्तर मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या वर्षीची भूमिका सांगितली. गाय. म्हणजे गायीचा मागचा अर्धा भाग. पुढच्या अर्ध्यात ओल्डरॉइड. आतून आवाज काढायचा नाही.

तोंडातून जे निघायचं ते निघालं.

पलीकडे बॅरी खुर्च्या रचत होता. वळलाही नाही.

"चव्वेचाळीस, सर."