झोपेतला ठोसा

१२ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. आज पहाटे ह्यांनी मला मारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी आवाज चढवला नाही, तोच तुमचा भाऊ. झोपेतच ओरडले आणि असा ठोसा बसला की माझा ओठ फाटला. जागे झाले, रक्त पाहून पांढरेफटक पडले आणि मलाच विचारू लागले, कोणी मारलं म्हणून. स्वप्नात म्हणे परांचीवरून पडणाऱ्या कामावरच्या जोडीदाराला धरत होते. तो रंगारी तसाच पडून गेल्यापासून हे खचलेत, ते तुम्ही जाणताच. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी मनासाठी गोळी सुरू केली. तुम्हाला कळवायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातली होती, ती आज मोडली. शेजारीण ओठ बघून म्हणाली, सरळ माहेर गाठ. मला काही सुचत नाही.

कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.
ठमी

१६ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. झोप तपासायच्या खोलीत रोज लोकांच्या डोक्याला तारा लावते मी, पण हे घरचंच निघालं. लपवल्याबद्दल त्याचा कान नंतर पिळीन.

मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. जागेपणी भरपूर, झोपेत कमी, स्वप्नं पडतात त्या टप्प्यात जवळजवळ बंद. त्याच टप्प्यात शरीर लुळं पडतं, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातच राहतो. मनासाठीच्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, स्वप्नांच्या टप्प्यातही. मन सावरतं, पण काहींचं अंग लुळं पडायचं राहतं. तो तुला मारत नव्हता गं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना गाठा, तोवर वेगळे झोपा. आणि शेजारणीला म्हणावं, हिचं माहेर मीच आहे.

माया आहेच, तिला खंड नको.
तुझी वन्सं

९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी गोळी बदलली, तपासणीही लिहून दिली. त्याच दिवशी ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं आणि कडी लावून घे म्हणाले. मी लावली, वन्सं. सगळं समजलं होतं, तरी ह्यांची भीती वाटली, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला.

आता ओरडणं थांबलंय. काल म्हटलं, आत या. नको म्हणाले. मग मीच माझं अंथरूण बाहेर नेलं, जरा अंतर ठेवून घातलं. दोघांनाही झोप येईना. तेव्हा ते पहिल्यांदाच जोडीदाराविषयी बोलू लागले, ते उजाडेपर्यंत.

आहे तशी माया राहू द्या.
ठमी