पाऊस थांबला तेव्हा

इचलकरंजी,
ता. ९ जून २००२

प्रिय प्रसेनजीत,

आक्काचा जयभीम. तू, क्रांती आणि उचगावची सगळी खुशाल असाल. आईचे गुडघे पावसात धरतात, तिला ओलं धुणं पिळू देऊ नका. ती ऐकायची नाहीच म्हणा.

तुझी चिठ्ठी मिळाली. दाजींना कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून घ्यायला साहेब तयार झाले, येत्या पंधराला हजर व्हायचं, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मागाच्या खडखडाटात माणसाचे कान जातात, यांना तिथून बाहेर काढ, म्हणून मीच वर्षभर तुझं डोकं खाल्लं होतं. त्याबद्दल लिहितेच, आधी घरचं सांगते.

शाळा अजून उघडल्या नाहीत आणि पाऊस हटत नाही. पोरांनी नुसता उच्छाद मांडलाय. दीक्षा सार्थकला शहाणपण शिकवते, तो तिच्या वेण्या ओढतो आणि शेवटी दोघंही माझा मार खातात. घरभर ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. त्यात काल लाईट गेली, माग बंद पडले आणि दाजीही घरी आले. म्हटलं, आता चौघं आहोत तर कांदाभजी करू.

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसलेल्याचं ऐकू येईना. दाजींना भलताच हुरूप आला. मागांच्या आवाजात ही माणसं हातांनी बोलतात, ते त्यांनी पोरांना शिकवायला घेतलं. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, चहा आला. मालक आला म्हणायचं तर पोटावरून गोल हात फिरवायचा! सार्थक हसून हसून लोळला. मीही पिठाच्या हातांनी 'भजी संपली' अशी खूण केली. आम्ही सगळे मिळून असं कधी हसलो होतो, मला आठवत नाही.

मग पाऊस एकदम थांबला. दीक्षा काहीतरी विचारत होती आणि दाजी ओरडले, "अगं, मोठ्यानं बोल की! ह्या पावसात काय ऐकू येतंय व्हय?"

दीक्षानं माझ्याकडं बघितलं. सार्थक लहान, तो म्हणाला, "बाबा, पाऊस थांबलाय की."

"व्हय व्हय, घे की, तुझीच हायत," म्हणत त्यांनी भज्यांची ताटली त्याच्यापुढं सरकवली.

दीक्षानं दाराकडं बोट केलं. ते उठले, दारातून हात बाहेर काढला. हात कोरडाच राहिला. आमच्याकडं पाठ करून ते बराच वेळ तिथंच उभे होते.

हाक मारली की ओ देत नाहीत म्हणून मी किती भांडले असेन रे. मागावरचे सगळेच मोठ्यानं बोलतात, आणि हे आपल्या तोंडाकडं बघून निम्मं ओळखतात. मला वाटायचं, मुद्दाम करतात.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला. "प्रसेनजीतला कळीव, पंधराला पयल्या गाडीनं येतो. खाकी ड्रेस मिळंल का इचार." मी नुसती मान हलवली. गेटवर फोन घ्यायचा, ट्रकचा हॉर्न ऐकून फाटक उघडायचं. कसं जमायचं? नको म्हणावं तर का ते सांगावं लागेल, आणि ते मला ओरडून सांगावं लागेल. सगळी गल्ली ऐकेल.

म्हणून बाबा, जागा भरली असं दाजींच्या नावानं चिठ्ठीत लिहून पाठव. खोटं आहे, तरी लिही. शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावू नकोस. रिसीव्हर कानाला लावून नुसतं "व्हय, व्हय" करत उभं राहिलेलं मला बघवणार नाही.

लाईट आली की ते परत मागावर जातील. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथं त्यांचं निभतं. ज्या आवाजातून त्यांना सोडवायचं होतं, त्यातच मी त्यांना डबा भरून पाठवणार आहे. दुसरं काय करू, तूच सांग.

काही न सुचणारी,
तुझी आक्का