अप्पांचा मुंबईतला चहा

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

अप्पांचं मुंबईहून गुवाहाटीला जाणारं विमान चुकलं. सोलापूरचं विमानच तिथं उशिरा पोचलं, हे खरं. पण उतरल्या उतरल्या पळाले असते तर मिळालं असतं. हे चहा प्यायला बसले!

फोनवर मी ओरडलेच. तर म्हणाले, "अगं, मागची गाडी लेट आली की पुढची थांबते की."

अप्पा कुर्डुवाडीला छोट्या गाडीचे गार्ड होते ना! मेलची माणसं बसल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवायचे नाहीत. विमानाचंही तसंच असेल, असं धरून चालले. मीही तिकीट हातात दिलं, पण हे सांगायचं सुचलंच नाही. तरी चहा कशाला?

उद्या सकाळी तिकडे ताईचं ऑपरेशन. आत नेण्याआधी अप्पांनी डोक्यावर हात ठेवावा, एवढंच तिचं मागणं. आणि हे पोचणार दुपारी.

ताईला भीत भीत कळवलं. तासाभरानं तिचाच फोन आला. "डॉक्टरांशी बोलले. परवा करू म्हणाले. अप्पा आल्याशिवाय मी आत जात नाही."

अप्पांना सांगितलं. तर हळूच म्हणाले, "बघ. थांबते की."