ओतून द्यायचं पाणी

मु. कोसमटोला, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा
सोमवार, ९ मार्च १९५३

तीर्थस्वरूप गुणवंतदादांना वच्छलाचा नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वहिनींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. पुन्हा ताप आला तर काढ्यावर थांबू नका, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दाखवा. मी ठीक आहे. इथल्या माझ्या दवाखान्याची खोली शाकारून झाली. मोहफुलं पडू लागली आहेत, सगळे ती वेचायला जातात, त्यामुळे पहाटे टोल्याच्या वस्तीत कोणी सापडत नाही.

अन्नछत्राबद्दल तुम्ही विचारलं आहे. ते कसं लिहावं हे दोन दिवस ठरत नव्हतं.

धान करपलं तेव्हा गावाने शाळेच्या पडवीत छत्र सुरू केलं आणि धान्याची पहिली बैलबंडी तुम्ही पाठवलीत. लोकांनी तुमचं नाव घेऊन हात जोडले, ते मी तेव्हा कळवलं होतं. पोती उघडल्यावर मला काय वाटलं ते कळवलं नव्हतं. पोत्यांत लाखेची, म्हणजे लाखोळीची डाळ होती. धान कापल्यावर त्याच बांधीत पेरली की पाण्यावाचूनही येते ती. आपल्याकडे गड्यांना मजुरीत तीच मापून देतात. आपल्या चुलीवर ती शिजलेली मी कधी पाहिली नाही.

नर्सिंग शिकत असताना नागपूरला आम्हाला एका वॉर्डात नेलं होतं. तिथे सहा शेतमजूर होते, सगळे तिशीच्या आतले. काठी टेकत, टाचा उचलून, गुडघ्याला गुडघा घासत चालत. डॉक्टर म्हणाले, महिनोन्महिने लाखेवरच राहिलं की असं होतं, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. बाधणारा अंश कोणता ते कळलेलं नाही, पण गरम पाण्यात तो बराच उतरतो असं दिसतं.

गावात दुसरं धान्य नव्हतं. परत न्या म्हणायचं धैर्यही मला झालं नाही. तुमच्या मनाविरुद्ध मी नागपूरला गेल्यापासून तुम्ही लिहिलेलं पहिलं पत्र त्या बंडीबरोबर आलं होतं. म्हणून मी रीत ठरवून दिली. डाळ रात्रभर कढत पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, सकाळी नव्या पाण्यात उकळायची, तेही ओतायचं, मग शिजवायची. स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाईंना मी हे तीनदा समजावलं. कारण मात्र सांगितलं नाही. कारण कळलं तर लोक यायचे नाहीत आणि उपाशी मरतील, असं मला वाटलं.

गेल्या मंगळवारी पंगत उठल्यावर सुकरी आली. टोल्यातली विधवा आहे, वय बावीस-तेवीस. जंगलातून मोळी आणून विकते, म्हणून तिला रोज उशीर होतो. वाढपी वारलू तिला म्हणाला, "सुकरे, टाचा काऊन उचलून चाल्लीस? जमीन तापली का?" सगळे हसले. तीही हसली.

मी तिला आत नेलं. उकिडवं बसवलं, तर हात टेकल्याशिवाय उठता येईना. गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय जोराने उडाला आणि नंतरही थरथरत राहिला. छत्रात तू किती जेवतेस, असं मी विचारलं.

"जेवन कुठी भेटते, बाई. मी येतो तवा सरते. रुखमाबाई डाळीचं पानी देते ना गंजभर, त्याच्यावरच जगून राह्यलो."

मी चुलीपाशी गेले. रुखमाबाईंनी काही लपवलं नाही. "फेकाले हात नाई धजला, बाई. इतकं घट्ट, पिवळं पानी. उशिरा येनाऱ्याले मीठ घालून देतो. तुमी फेक म्हनलं. काऊन फेकाचं ते कुठी सांगतलं?"

त्यांचं बरोबर होतं. जे काढून टाकायचं होतं तेच, सगळ्यांत उपाशी माणसांना, अडीच महिने रोज मिळालं. अशी माणसं एकोणीस आहेत. रोज सकाळी मी त्यांना विहिरीपासून शाळेपर्यंत चालवून बघते. काल दोघांच्या टाचा उचललेल्या दिसल्या. खरंच होत्या की मलाच तसं दिसतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. आता समोरून कोणी आलं की मी तोंडाआधी टाचा बघते.

शुक्रवारी पंगतीपुढे उभं राहून मी सगळं सांगितलं. शनिवारी निम्म्याहून जास्त पानं रिकामी होती. मला भीती होती तेच झालं. सुकरी मात्र काठी टेकत वेळेवर आली. मी तिला म्हटलं, तुला एक दाणाही द्यायचा नाही, तू माझ्या घरचा भात खा. ती म्हणाली, "मले भात देसान, बाकीच्याईचं काय? उपाशी मेलो तं पाय कोनाच्या कामाचे?"

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही निदान बंडी जुंपलीत, ब्रह्मपुरीत कितीजणांनी तेवढंही केलं? पण जे आपल्या घरात कोणी खात नाही ते धाडताना तुम्ही विचारलं नाही, आणि मला माहीत असून मी बोलले नाही. काय खायचं आणि कशाची जोखीम घ्यायची हे त्या माणसांनी ठरवायला हवं होतं. ते मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं. उपाशी माणसाला कळत नाही, असं मी धरून चालले होते.

आणखी चार पोती लाखेची डाळ पाठवू का, असं तुम्ही लिहिलं आहे. पाठवू नका. आपल्या कोठीतले तांदूळ आणि घरच्या वापरातली तूर पाठवा, कमी असली तरी चालेल. हे सगळं मी चांद्याच्या मोठ्या डॉक्टरांनाही कळवलं आहे. त्यात तुमचं नाव आहे, आणि त्याच्या आधी माझं.

छत्राच्या कोठीत आज लाखेशिवाय काही नाही. पाणी आता मी स्वतः ओतते आणि त्यावर माती लोटते. एवढ्याने विष पुरतं जातं का, मला माहीत नाही, आणि तेही मी लोकांना सांगितलं. काल वारलूने सगळ्यांसमोर विचारलं, "मंग तुमी खासान का, बाई?" मी त्याच्या शेजारी पान मांडून जेवले. आज पंगत पुन्हा भरली. ती भरलेली बघून मला शनिवारपेक्षा जास्त भीती वाटली.

बंडीला दोन दिवस लागतात. हे पत्र वाचून झाल्यावर बैल जुंपायला सांगा.

तुमची बंडी येईपर्यंत रोज त्याच पंगतीत जेवणारी,
वच्छला