अपयशाचा एक प्रसंग, दोन मिनिटांत

६ जानेवारी, मंगळवार

महापेच्या ऑफिसात आज नऊ जण. बाकी खुर्च्या रिकाम्या. ३१ तारखेला आमची टीम बंद. मॅनेजर म्हणाला, ‘तुला काय टेन्शन ज्योती, अठरा वर्षांचा अनुभव आहे.’ त्याची सोय झाली आहे.

नोव्हेंबरपासून तीन मुलाखती दिल्या. तिन्हीकडे शेवटच्या फेरीत नकार. कारण कुणी सांगत नाही.

संध्याकाळी ऐरोलीच्या कंपनीचा मेल. सीनियर इंजिनियर. चार फेऱ्या. पहिली सोमवारी.

८ जानेवारी

श्वेताचा फोन. कॉलेजपासूनची मैत्रीण, आता स्वतः मुलाखती घेते. म्हणाली, ‘कोडिंगमध्ये तू पडत नाहीयेस. गोष्टींत पडतेस.’ सीनियर माणसाला गोष्टी विचारतात. मतभेदाची, निर्णयाची, अपयशाची. प्रत्येकीला दोन मिनिटं. परिस्थिती, काम, कृती, निकाल.

‘आणि बाई, स्वतःबद्दल बोल जरा. बघायला आलेत आणि पोहे घेऊन आलीयेस, असं बसू नकोस.’

वहीत आठ गोष्टी लिहायच्या ठरवल्या. सात झाल्या. अपयशाची उरली.

१० जानेवारी, शनिवार

अपयशाची लिहिली.

शीतगृहांच्या गेटवर गाड्यांना वेळ देणारी आमची प्रणाली. माझ्या मुलीच्या, ओवीच्या जन्माआधीची गोष्ट. शनिवारी दुपारी एका सहकाऱ्याने चाचणीच्या नोंदी पुसायची आज्ञा चुकून चालू डेटाबेसवर चालवली. दिवसभराच्या गाड्यांच्या नोंदी गेल्या. गेटवर सफरचंदाच्या गाड्या अडकल्या, वॉचमन कागदावर नंबर लिहीत बसले. मी सकाळच्या बॅकअपवरून चार तासांत सगळं परत आणलं. नंतर चालू डेटाबेसच्या खिडकीचा रंग लाल करून घेतला, म्हणजे पुन्हा कुणी चुकणार नाही.

एक मिनिट पन्नास सेकंद. बरोबर बसते.

११ जानेवारी

बाबांनी सरावाची मुलाखत घेतली. चष्मा, छापील प्रश्न, स्वयंपाकघरातला टायमर. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. मराठीतच चालू द्या म्हटलं.

मी गोष्ट सांगितली. टायमर वाजायच्या आत संपली.

‘सहकारी म्हणजे कोण?’

‘म्हात्रे. डेटाबेस बघायचे.’

‘हे तर त्याचं अपयश झालं. प्रश्नात तुझं विचारलंय.’

मी म्हटलं, टीमचं म्हणजे माझंच. आमच्याकडे रिपोर्टात नाव लिहीतच नाहीत, तशी पद्धत आहे. कुणाला दोष द्यायचा नाही.

बाबा म्हणाले, ‘आमच्याकडे केबल तुटली की खाली सही लागायची. ज्याच्या हातून तुटली, त्याची.’

कुकर झाला होता. मी उठले.

१२ जानेवारी, सोमवार

पहिली फेरी. दोन गणितं, दोन्ही सुटली. रात्रीच्या आत पुढच्या फेरीचा मेल.

१४ जानेवारी

दुसरी फेरी घरूनच. एक मोठी प्रणाली कागदावर उभी करायची. बरी झाली. पंचेचाळीस मिनिटांत तीनदा पाणी प्यायले.

नंतर श्वेतासमोर सराव. ती म्हणाली, ‘अपयशाची एकदम भारी आहे. संकट आहे, तू आहेस, शेवट गोड आहे. हीच ठेव.’

ठेवली.

१५ जानेवारी

ती आज्ञा मी चालवली होती.

दोन खिडक्या उघड्या होत्या, दोन्ही काळ्या. मला वाटलं चाचणीची. एंटर दाबलं आणि पुसल्या गेलेल्या नोंदींचा आकडा आला, तो फार मोठा होता. म्हात्रे शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘आधी परत आनू. मंग बघू.’ आम्ही दोघांनी मिळून परत आणलं. मी एकटीने नाही.

सोमवारी मीटिंग. मोठ्या साहेबांनी विचारलं, कुणी चालवलं? रिपोर्टात नको, मला नुसतं सांगा. मी सातव्या महिन्यात होते. बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. म्हात्रे म्हणाले, ‘माझ्याकडून झालं.’

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. किती वेळ, आठवत नाही. तेवढ्यात बोलता आलं असतं.

रिपोर्टात नाव नव्हतं. पण कॅन्टीनमध्ये होतं. म्हात्र्यांचे अधिकार काढून घेतले. वर्षभराने कपातीची पहिली यादी लागली, तीत ते. मी तेव्हा सीनियर झाले होते.

हे इतक्या वर्षांत कुठेही लिहिलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

बाबांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, ‘त्याला माहीत आहे?’

‘हो.’

‘त्याच्या घरी?’

‘मला नाही माहीत.’

त्यांनी प्रश्नांचे कागद घडी करून माझ्याकडे दिले. म्हणाले, ‘बाकीचे विचारतो. हा मला विचारायला लावू नकोस.’

१८ जानेवारी, रविवार

म्हात्र्यांकडे जाऊन आले. परवानगी घ्यायला, असं स्वतःला सांगितलं.

त्यांचं गाव आमच्या करंजाड्याहून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं, खाडीच्या अंगाला. इतक्या जवळ राहून एकदाही गेले नव्हते. खाली भाडेकरू, वर ते दोघं. म्हात्रे बारीक झालेत. केस काळे करणं सोडलंय.

‘काय गो, पोरीच्या लग्नाची पत्रिका आनलीस काय?’

‘सहा वर्षांची आहे ती, सर.’

‘मंग लवकर आलीस.’

वहिनी पाणी घेऊन आल्या. ‘बस गो. किती वर्सांनी. भाकरी-सुकट खाशील ना, की आता नाय चालत?’ म्हटलं, चालते. त्या आत गेल्या.

मी म्हणाले, मुलाखत आहे. त्या शनिवारबद्दल सांगायचं आहे, झालं तसं. तुमचं नाव घेणार नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय नको.

म्हात्र्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

‘चालू डेटाबेसचा पासवर्ड तुला कोनी दिलेला?’

‘तुम्ही.’

‘तोच तर. लेखी परवानगी लागत होती. तीन दिस गेले असते. मीच बोल्लो, घे, उरकून टाक. मंग चूक माझी पन हाय.’

‘पण चालवलं मी.’

वहिनी दारात होत्या. हातात ताट.

‘काय चालवला?’

मीच सांगितलं. उभी राहून सांगितलं, का ते कळत नाही.

‘म्हंजे ते यांनी नाय केला?’

‘नाही.’

त्या नवऱ्याकडे वळल्या. ‘मना काय सांगलाव तुमी? माझ्या हातून झाला. मी भावाला तेच सांगला. दिराला तेच. लग्नाकार्यात लोकं बोलली, म्हात्र्याला काम जमत नव्हता म्हनून काढला. मी मान खाली घालून ऐकला.’

‘जाऊ दे गो.’

‘कसा जाऊ देऊ?’

ताट माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेल्या. मी जेवले. न जेवता उठता आलं नसतं. म्हात्रे समोर बसून होते.

रिक्षापर्यंत सोडायला आले. म्हणाले, ‘घरात सांगला असता तर ही तुझ्या दारात आली असती. तू पोटुशी होतीस.’ रिक्षा सुरू झाल्यावर, ‘सांग तिथे. माझा काय जातंय आता?’

१९ जानेवारी

काही वाचलं नाही. ओवीचा गृहपाठ घेतला.

२१ जानेवारी, बुधवार

तिसरी फेरी. दोन तरुण मुलं, अतिशय अदबीने बोलणारी. वेग, साठवण, बिघाड. सगळी उत्तरं दिली. उत्तरं देणारी बाई आणि मी वेगळ्या बसलो होतो.

शेवटची शुक्रवारी, ऐरोलीत, समोरासमोर.

श्वेताला सांगितलं, अपयशाची गोष्ट बदलतेय. कशी, ते सांगितलं. ती म्हणाली, ‘वेडी आहेस का? दहा दिवसांत नोकरी जातेय तुझी. कबुलीजबाब द्यायला बोलावलेलं नाही त्यांनी.’ नंतर मेसेज: ‘सॉरी. पण विचार कर.’

२२ जानेवारी

दोन्ही गोष्टी वहीत समोरासमोरच्या पानांवर आहेत. डावीकडची पाठ आहे. उजवीकडची दर वेळी वेगळी होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

डायरेक्टर पन्नाशीचे. शांत माणूस. समोर लॅपटॉप नाही, नुसतं पॅड. पस्तीस मिनिटं कामाबद्दल. मग प्रश्न आला.

मी उजवीकडची सांगितली. इंग्रजीत. चार मिनिटं झाली असतील. पासवर्डचंही सांगितलं. ‘निकाल’ या ठिकाणी थांबले. तिथे काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं.

त्यांनी विचारलं, मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?

‘घाबरले होते.’

‘नंतर? सहा वर्षांत?’

‘नंतर सोयीचं होतं.’

त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, ‘या गृहस्थांशी आम्हाला बोलता येईल? संदर्भ म्हणून?’

म्हटलं, विचारते.

खाली येऊन गेटपाशी उभी राहिले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. बाबा पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत. घरी येऊन म्हणाले, ‘झालं ना सांगून?’ हो म्हटलं. ‘मग जेव नीट.’

२७ जानेवारी, मंगळवार

ऐरोलीहून मेल. नकार नाही, होकारही नाही. संदर्भासाठी दोन नावं आणि नंबर द्या, फॉर्म सोबत. एक सध्याचा मॅनेजर. दुसरे, ‘मुलाखतीत ज्यांचा उल्लेख झाला ते’. दोन दिवसांत फोन करतील, मग निर्णय.

म्हात्र्यांचा नंबर माझ्याकडे आहे. फॉर्म भरलेला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी फोन लावला. वहिनींनी उचलला.

‘ते नाय घरी. फोन ठेवून गेलेत.’

‘ज्योती बोलतेय, वहिनी.’

‘कळला.’

मी सांगितलं. कंपनीवाले सरांना फोन करतील. माझ्याबद्दल विचारतील, त्या शनिवारबद्दलही. नंबर दिला तर चालेल का, सरांना विचारून सांगाल का?

मागे कुकरची शिट्टी झाली.

‘यांचा नंबर नका देऊ. हे परत तेच सांगतील. माझी चूक, पोरगी चांगली हाय. मना म्हाईत हाय यांचा.’

‘बरं.’

‘माझा द्या. मी उचलीन.’

‘वहिनी, तुम्ही...’

‘काय?’

‘काय सांगाल?’

‘ते मी त्यांना सांगीन. तुमाला कशाला?’

आज पहिल्यांदाच मला तुम्ही म्हणत होत्या. नंबर एकेक आकडा थांबून सांगितला. मग म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचून दाखवला.

फॉर्ममध्ये ‘तुमचं त्यांच्याशी नातं’ असा एक रकाना आहे. तिथे लिहिलं, म्हात्र्यांच्या पत्नी. फोनची सोयीची वेळ विचारायची राहिली होती. ‘कधीही’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं.